रात्री दोनचं बिल्ड रोज फेल, सकाळी रीबिल्ड मारलं की पास. काय भानगड आहे?

राजवाडा_ते_रीगल (इंदूर) | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, डोकं भणभणलंय म्हणून शेवटी इथे लिहितोय. आमची छोटीशी कंपनी आहे, विजय नगरला ऑफिस, आठ जणं. खाण्याच्या दुकानांसाठी बिलिंगचं अ‍ॅप बनवतो, सराफ्यातले (इथला रात्रीचा खाण्याचा बाजार) बरेच ठेलेवाले वापरतात, छप्पन दुकान या खाऊगल्लीतले दोनचार दुकानदार पण आहेत. जेन्किन्स (कोडवरून अ‍ॅप आपोआप बांधून टेस्ट चालवतं ते, त्यालाच बिल्ड म्हणतो) ऑफिसातल्याच एका जुन्या डेस्कटॉपवर बसवलंय, १६ जीबी रॅम, आठ कोर, कोपऱ्यात वॉटर कूलरच्या बाजूला ठेवलाय (हसू नका). रात्री दोनला नाइटली बिल्ड लागतं, आधी अँड्रॉइड, मग वेबचं रिअ‍ॅक्ट, मग पायथन बॅकएंडच्या टेस्ट.

तर झालंय असं की तीन आठवडे झाले, रोज सकाळी आलो की लाल गोळा, म्हणजे फेल. मी साडेनऊला येतो, चहा ठेवतो, रीबिल्ड दाबतो, चहा होईपर्यंत हिरवं. काही बदललं नाही, एक ओळ नाही. सुरुवातीला म्हटलं जाऊ दे, सकाळी तर पास होतंय ना, पण आता साहेब म्हणतात रिलीज रात्रीच्याच बिल्डमधून काढायची. कोणाला असं झालंय का?

लॉगचा शेवट हा आहे: "बिल्ड स्टेप मार्क्ड बिल्ड अ‍ॅज फेल्युअर. फिनिश्ड: फेल्युअर."

पोह्यावर_जिरावन (इंदूर) | सोमवार, रात्री ११:५२

भिया, रात्री दोनला सराफ्यात जाऊन गराडू खा, बिल्ड पण तिकडेच गेलेलं असेल 😄

लष्करवाला (ग्वाल्हेर) | मंगळवार, सकाळी ७:१५

काही बदललं नाही असं सगळेच म्हणतात. तुमचा कोड बदलला नसेल, पण तुम्ही ज्या पॅकेजांवर (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडवर) उभे आहात ती बदलली असतील. २०१६ च्या मार्चमधलं लेफ्ट-पॅडचं प्रकरण आठवतंय का, अकरा ओळींचं पॅकेज लेखकाने एनपीएमवरून (जावास्क्रिप्टच्या पॅकेजांचं कोठार) काढून घेतलं आणि जगभरची बिल्डं कोसळली, कोणाच्याही कोडमध्ये काही झालं नव्हतं. आमच्याकडे ३० सप्टेंबर २०२१ ला असंच, लेट्स एन्क्रिप्ट (वेबसाइटांना फुकट सुरक्षा-सर्टिफिकेट देणारी संस्था) ज्याच्या भरवशावर होती ते जुनं रूट सर्टिफिकेट त्या दिवशी संपलं आणि जुन्या ओपनएसएसएलवाल्या मशीनवर एकही डाउनलोड होईना, आम्ही अर्धा दिवस नेटवाल्याला शिव्या घालत होतो.

लॉक फाइल (पॅकेजांची नेमकी व्हर्जनं लिहिलेली यादी) कमिट करता का? बिल्डमध्ये एनपीएम इन्स्टॉल चालवता की एनपीएम सीआय, जी त्या यादीतलीच व्हर्जनं घेते? इन्स्टॉल असेल तर रात्री एक व्हर्जन आणि सकाळी दुसरं असं होऊ शकतं.

राजवाडा_ते_रीगल | मंगळवार, सकाळी ९:५०

लॉक फाइल आहे, सीआयच चालवतो. शिवाय दादा, पॅकेज बदललं असतं तर सकाळी पण फेल व्हायला हवं ना? आणि रोज रात्री फेल, रोज सकाळी पास, असं शिस्तीत कोण पॅकेज बदलेल.

निवृत्त_कंपाइलर (इंदूर, रामबाग) | मंगळवार, सकाळी १०:३०

राजवाडा, तू लॉगचा शेवट दिलास. शेवटी जेन्किन्स फक्त रडतं, मारलं कोणी ते वर कुठेतरी असतं. फुल लॉग उघड, वरून खाली ये, आणि पहिला एरर जिथे आहे त्याच्या आधीच्या दहा ओळी आणि नंतरच्या दहा इथे टाक. आणि एकाच रात्रीचं नको, तीन आठवड्यांचे जितके लॉग आहेत तितके बघ, प्रत्येक रात्रीचा पहिला एरर कागदावर लिही, वारासकट. मी पंचवीस वर्षं हेच केलंय, कागदच लागतो.

आणि रीबिल्ड दाबणं आजपासून बंद. तू रोज सकाळी पुरावा पुसून टाकतोयस.

राजवाडा_ते_रीगल | मंगळवार, दुपारी १:२०

काका कागद केला. २१ रात्री. आणि मजा म्हणजे मला वाटत होतं एकच एरर आहे, पण दोन प्रकार निघाले!!

पंधरा रात्री अँड्रॉइड पास, रिअ‍ॅक्ट पास, बॅकएंडची एकच टेस्ट फेल, बिलाच्या तारखेची. एक्सपेक्टेड १५, रिसीव्हड १४, असं. दर रात्री एक दिवस मागे.

उरलेल्या सहा रात्री तिथपर्यंत गाडी पोचलीच नाही. चार वेळा अँड्रॉइडमध्ये "ग्रेडल बिल्ड डिमन डिसअपिअर्ड अनएक्स्पेक्टेडली" (ग्रेडल म्हणजे अँड्रॉइडचं बिल्ड करणारं टूल, डिमन म्हणजे त्याचा मागे चालणारा प्रोसेस), आणि दोन वेळा रिअ‍ॅक्टच्या स्टेपला एक्झिट कोड १३७, बस्स, बाकी काही मेसेज नाही.

पोह्यावर_जिरावन | मंगळवार, दुपारी १:२४

डिमन रात्री दोनला गायब झाला. लिंबू-मिरची लावा सर्व्हरला.

निवृत्त_कंपाइलर | मंगळवार, दुपारी २:०५

शाब्बास. आता ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकत्र मिसळू नकोस.

त्या सहा रात्री कोणकोणत्या वारी? कागदावर लिहिलं असशील तर सांग, मी पैज लावतो की ते वार ठरलेले असतील.

आणि दुसरं, तीन आठवड्यांपूर्वी काय झालं? "काही बदललं नाही" हे उत्तर चालणार नाही. कोड सोडून सगळं सांग. मशीन हलवलं, लाइट गेली, कोणी अपडेट मारलं, कोणी नवीन जॉइन झालं, काहीही.

राजवाडा_ते_रीगल | मंगळवार, दुपारी २:४०

वार गुरुवार आणि रविवार. सहाच्या सहा. काका तुम्ही कसं ओळखलंत??

तीन आठवड्यांपूर्वीचं विचारून सांगतो, मी तेव्हा बहिणीच्या लग्नाला उज्जैनला होतो.

मांडवीची_मुलगी (बडोदा) | मंगळवार, दुपारी ४:१०

मध्येच घुसतेय, सॉरी, पण माझं पण रात्रीचंच आहे म्हणून इथेच विचारते. आमच्या जेन्किन्सला "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" येतंय आणि डीएफ (डिस्कवर किती जागा उरली ते दाखवणारी कमांड) मारलं तर ४० टक्के जागा रिकामी दिसते. आमचे सर म्हणतात डिस्क खराब झाली, नवीन घेऊ. खरंच घ्यावी लागेल का?

लष्करवाला | मंगळवार, दुपारी ४:३५

ताई डिस्क घेऊ नका, आधी डीएफ मायनस आय मारून बघा. जागा बाइटांची असते तशी आयनोडची पण असते, एका फाइलला एक आयनोड लागतो, आणि ईएक्सटी४ मध्ये किती आयनोड मिळणार ते डिस्क फॉरमॅट करतानाच ठरतं. नोड मॉड्युल्सच्या फोल्डरात लाखभर चिल्लर फाइली सहज असतात, प्रत्येक ब्रँचच्या (कोडच्या वेगळ्या फांदीच्या) वर्कस्पेसमध्ये एकेक फोल्डर असं धरा. कोठीघरात जागा आहे पण डबे संपले, तसं.

मांडवीची_मुलगी | मंगळवार, दुपारी ४:५८

आयनोड १०० टक्के वापरलेले!!! बाप रे. वर्कस्पेसमध्ये ६० ब्रँचा पडल्यात, त्यातल्या पन्नास तरी मर्ज होऊन वर्ष झालंय. पुसते सगळं. सरांनी डिस्कचं कोटेशन पण मागवलं होतं.

पोह्यावर_जिरावन | मंगळवार, सायंकाळी ५:०२

इकडे इंदुरात सकाळी गाडी येते, ओला वेगळा सुका वेगळा नाही दिला तर बाई ओरडते, २०१७ ते २०२३ सलग सात वेळा स्वच्छतेत पहिला नंबर काढला. आणि याच इंदुरातल्या आयटी कंपन्यांच्या वर्कस्पेसमध्ये डोकावून बघा एकदा. आमच्याकडे तर एका माणसाने नोकरी सोडून दोन वर्षं झाली, त्याच्या नावाची ब्रँच अजून रोज रात्री बिल्ड होते. मेल पण त्यालाच जातो.

राजवाडा_ते_रीगल | मंगळवार, सायंकाळी ६:१५

विचारून आलो. आमच्यात एक नवीन मुलगा आलाय, हुशार आहे, त्याने मी उज्जैनला असताना बॅकएंडच्या टेस्ट डॉकरमध्ये टाकल्या, म्हणजे मशीनपासून वेगळ्या डब्यात, कंटेनरमध्ये. आधी सरळ मशीनवर चालायच्या. आता उघड्या अल्पाइन (अगदी छोटं लिनक्स) इमेजवर पायथन घालून कंटेनर बनवलाय. त्याचं म्हणणं कोडला हात लावला नाही, आणि ते खरंच आहे, फाइल वेगळ्या रिपोमध्ये आहे म्हणून आमच्या कमिट लॉगमध्ये दिसलीच नाही. रिअ‍ॅक्टची स्टेप पण त्यानेच कंटेनरमध्ये नेली. अँड्रॉइड तसंच आहे, मशीनवरच.

आणि गुरुवार-रविवारचं: त्याच आठवड्यात आमच्या साहेबांनी डेटाबेसचा बॅकअप खरंच रिस्टोअर होतो का हे तपासायला एक जॉब लावला. शेड्यूल: ० २ * * ०,४. रविवारी आणि गुरुवारी, रात्री दोन वाजता.

😐

निवृत्त_कंपाइलर | मंगळवार, रात्री ८:२०

आता जेवून निवांत लिहितो.

आधी सोपं दुखणं. १३७ म्हणजे १२८ अधिक ९. नऊ नंबरचा सिग्नल म्हणजे सिगकिल, प्रोसेसला बोलायची संधी न देता मारलं. म्हणून मेसेज नाही. (१४३ असता तर १२८ अधिक १५, म्हणजे कोणीतरी सभ्यपणे थांब म्हटलं.) हा मारणारा बहुतेक वेळा कर्नल असतो, मेमरी संपली की ओओएम किलर उठतो आणि ज्याने जास्त रॅम अडवलीय त्याला उडवतो. कधी ग्रेडलचा डिमन सगळ्यात जाडा असतो, कधी नोड असतो. म्हणून तुला चार वेळा एक एरर दिसला आणि दोन वेळा दुसरा, मारेकरी एकच. खात्री करायची तर मशीनवर डीमेसेज मायनस टी मार, "आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस" आणि वेळ दिसेल, दोन वाजून काही मिनिटं.

तुझा बिल्ड आणि साहेबांचा रिस्टोअर, दोघं ठीक दोनला एकाच १६ जीबीवर तुटून पडतात. वर जेस्ट (रिअ‍ॅक्टच्या टेस्ट चालवणारा), त्याला मोकळं सोडलं तर कोर वजा एक इतके वर्कर काढतो, म्हणजे तुझ्याकडे सात. जेस्टला मॅक्स वर्कर्स दोन-तीन दे. रिस्टोअर चारला ने. आणि जेन्किन्समध्ये मिनिटाच्या जागी शून्य लिहू नये, एच लिहावं, मग ते जॉबच्या नावावरून मिनिट स्वतः ठरवतं आणि सगळे जॉब एकदम तासाच्या ठोक्याला उठत नाहीत. जगातल्या प्रत्येक माणसाला शून्य मिनिट का आवडतं कोण जाणे.

आता तारीख. मशीनचं घड्याळ भारतीय वेळेवर आहे, पण कंटेनरला तू वेगळं सांगितल्याशिवाय तो यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) चालतो. घड्याळ तेच, झोन वेगळा. रात्री दोनला भारतात १५ तारीख लागून दोन तास झालेत, यूटीसीत अजून १४ तारखेचे रात्रीचे साडेआठ वाजलेत. सकाळी साडेनऊला दोन्हीकडे १५. म्हणजे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात कधीही चालव, फेल होईल, आणि बाकी साडेअठरा तास पास होईल. तू सकाळी रीबिल्ड करत होतास तेव्हा तोच बिल्ड परत चालत नव्हता रे, वेगळ्या तारखेचा बिल्ड चालत होता.

राजवाडा_ते_रीगल | मंगळवार, रात्री ८:४५

काका पाय कुठे आहेत तुमचे. डीमेसेजमध्ये सहाच्या सहा रात्री सापडल्या, सगळ्या २:०६ ते २:११ मधल्या. रिस्टोअर चारला नेला, जेस्टला तीन वर्कर दिले. कंटेनरमध्ये टीझेड (टाइमझोनचं सेटिंग) = एशिया/कोलकाता टाकलं. आज रात्री बघतो.

राजवाडा_ते_रीगल | बुधवार, सकाळी ९:३५

परत फेल. तीच टेस्ट, एक दिवस मागे. टीझेड टाकलंय, एको करून बघितलं, कंटेनरमध्ये दिसतंय. आता काय?

लष्करवाला | बुधवार, सकाळी ९:५०

अल्पाइन म्हणालात ना. त्यात टीझेडडेटा (जगातल्या टाइमझोनची यादी) नावाचं पॅकेज मुळात नसतं, कोणी घातलं तर असतं. तुम्ही कोलकाता म्हणालात, त्याने नकाशा उघडला, कोलकाता सापडलं नाही, आणि काही न बोलता यूटीसी धरलं. एरर नाही, वॉर्निंग नाही. कंटेनरमध्ये शिरून डेट मारा, यूटीसी दिसेल. एपीके अ‍ॅड टीझेडडेटा करा. माझे यात अडीच दिवस गेलेत, त्यामुळे पाठ आहे. नोड आणि जावा आपला झोनचा डेटा स्वतःबरोबर घेऊन फिरतात, पायथनचा डेट-टुडे (आजची तारीख देणारा) सिस्टिमला विचारतो, म्हणून एकाच इमेजमध्ये एकाला वेळ बरोबर आणि दुसऱ्याला चूक असं पण बघितलंय मी.

निवृत्त_कंपाइलर | बुधवार, सकाळी १०:१५

लष्करवाले बरोबर आहेत, पण राजवाडा, ते पॅकेज घालायच्या आधी थांब जरा. मला काल रात्री झोपताना एक गोष्ट खटकली.

तुमचा खरा सर्व्हर, दुकानदार वापरतात तो, कुठे आहे? क्लाउडवर असेल तर त्याचा झोन काय आहे?

राजवाडा_ते_रीगल | बुधवार, सकाळी १०:४०

यूटीसी.

अरे देवा.

पोह्यावर_जिरावन | बुधवार, सकाळी १०:४२

थांबा थांबा म्हणजे टेस्ट बरोबर होती?

राजवाडा_ते_रीगल | बुधवार, सकाळी ११:३०

टेस्ट बरोबर होती. टेस्टमध्ये यूटीसीला साडेपाच तास मिळवून तारीख काढलीय, कोडमध्ये सरळ डेट-टुडे. ऑफिसच्या मशीनवर दोन्ही एकच येणार, म्हणून दोन वर्षं हिरवं. नवीन पोराने डॉकरमध्ये टाकलं तेव्हा पहिल्यांदा टेस्ट आणि प्रॉडक्शन एका झोनमध्ये आले आणि टेस्ट ओरडायला लागली, आणि मी रोज सकाळी चहा पीत तिचं तोंड दाबत होतो. काल कोलकाता चाललं असतं तर परत कायमचं दाबलं गेलं असतं, अल्पाइनने वाचवलं म्हणायचं.

आता ऐका, सराफा तर तुम्हाला माहितीच आहे, दिवसा सोन्याचांदीची दुकानं, ती बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर खाण्याचे ठेले, रात्री दीड-दोनपर्यंत तुफान गर्दी. म्हणजे आमच्या या गिऱ्हाइकांचा बराच धंदा रात्री बारानंतरचा आहे, आणि त्यातल्या प्रत्येक बिलावर दोन वर्षं आदल्या दिवसाची तारीख जातेय. (वेळ दुकानातल्या टॅबवरून येते ती बरोबर, तारीख सर्व्हरवरून, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.) आत्ता सपोर्टची जुनी तिकिटं काढली, एका दुकानदाराने तीनदा लिहिलंय की यूपीआयचा हिशेब आणि अ‍ॅपचा हिशेब रोजचा जुळत नाही, महिन्याचा जवळपास जुळतो. आमच्याकडून तीनही वेळा उत्तर: आम्हाला असं दिसत नाही. दिसणार कसं, आम्ही सगळे दुपारी तपासतो.

निवृत्त_कंपाइलर | बुधवार, दुपारी १२:०५

मग टेस्टचा कंटेनर यूटीसीतच ठेव, हात लावू नकोस. दुरुस्ती कोडमध्ये कर. वेळ यूटीसीत साठव, तारीख काढताना भारतीय झोन स्पष्ट सांग, सिस्टिमला विचारूच नकोस. आणि टेस्टला खरं घड्याळ देऊ नकोस, वेळ बाहेरून दे, रात्री ११:५९, १२:०१, पहाटे ५:२९, ५:३१ या चार वेळा घालून चार टेस्ट लिही. मग दुपारी चालवलं तरी रात्रीचा दोष दिसेल, दोन वाजायची वाट बघायला नको.

मांडवीची_मुलगी | बुधवार, दुपारी १२:२०

माझं रात्रीचं बिल्ड पास झालं, कोटेशन कॅन्सल. पण मला एक कळत नाही, दुकानदाराला बारानंतरची बिलं दुसऱ्या दिवशीच्या खात्यात हवी आहेत का? आमच्याकडे नवरात्रात गरब्याच्या वेळी रात्री खाण्याची दुकानं उशिरापर्यंत असतात, माझे काका पहाटे तीनला शटर ओढून मग गल्ला मोजतात, आणि तो "आजचा" गल्ला असतो.

राजवाडा_ते_रीगल | बुधवार, दुपारी १२:२६

ताई हा प्रश्न आमच्यात दोन वर्षांत एकाने विचारला नाही. आज रात्री जाऊन विचारतो.

राजवाडा_ते_रीगल | गुरुवार, रात्री १:५०

आत्ता सराफ्यातून आलो. नवीन पोराला पण घेऊन गेलो होतो, त्यालाच खायला घालायला हवं होतं म्हटलं. एका भुट्टे के कीसवाल्याकडे उभे राहिलो, जुना गिऱ्हाईक आमचा. गर्दी कमी झाल्यावर विचारलं, रात्री साडेबाराचं बिल कोणत्या तारखेत पाहिजे. तो कढईतून मान वर न करता म्हणाला, "दुकान बंद होने तक तो आज ही है ना भिया।" मग म्हटलं, आम्ही ते दुरुस्त करणार होतो, बारा वाजता तारीख बदलणार होतो. तर म्हणे असं केलं तर अ‍ॅप काढून टाकीन, आत्ता जसं आहे तसं छान आहे.

तिथून चार पावलांवर दुसरा, तो तिकिटं टाकणारा. तो म्हणाला बिलावर खरी तारीख पाहिजेच, त्याचा मुलगा यूपीआयच्या स्टेटमेंटशी एकेक बिल लावून बघतो.

म्हणजे आमचा दोष एकाला फीचर वाटतो. पोराने तिथेच पेपर नॅपकिनवर लिहून काढलं: बिलाला दोन तारखा. एक खरी, भारतीय वेळेची, ती बिलावर छापायची. दुसरी धंद्याची, गल्ल्यासाठी, दुकानदाराने सेटिंगमध्ये सांगायचं की माझा दिवस किती वाजता संपतो, काही नाही सांगितलं तर पहाटे चार.

निवृत्त_कंपाइलर | गुरुवार, सकाळी ७:३०

चार का?

राजवाडा_ते_रीगल | गुरुवार, सकाळी ९:४०

चारपर्यंत उघडा ठेला आम्हाला एकपण दिसला नाही, म्हणून. आता रिस्टोअरचा जॉब पण चारला आहे, तो एचवर टाकतो.

आणि रात्रीचं बिल्ड: गुरुवार असून अँड्रॉइड पास, रिअ‍ॅक्ट पास, तारखेची टेस्ट फेल. पोराला सांगितलंय लाल राहू दे, दुरुस्ती जाईपर्यंत कोणी रीबिल्ड दाबायचं नाही. साहेबांनी दाबलं. पास झालं.

पोह्यावर_जिरावन | गुरुवार, सकाळी ९:४४

साहेबांना चहा ठेवायला सांगा.